इमान कोणाशी?

मराठीने अरबी-फारसीकडून जे शेकडो शब्द घेतले, त्यांतले काही घरी आणल्यावर तिने आपल्या सोयीने वळवून घेतले. 'इमान' हा त्यांपैकी एक. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा, अल्लाहवरचा विश्वास. उर्दूने तो अर्थ राखला आणि त्याला 'दारी' जोडून 'ईमानदारी' केली, म्हणजे सचोटी. मराठीत मात्र इमान बहुतेक वेळा कोणाशी तरी असते. धन्याशी इमान, मिठाशी इमान, खाल्ल्या अन्नाशी इमान. मराठी माणूस कुत्र्याला 'इमानी' म्हणतो. उर्दूत कुत्रा 'वफादार' असतो, त्याला 'ईमानदार' म्हटले तर ऐकणारा हसेल. उर्दूत 'बेईमान' म्हणजे मापात मारणारा दुकानदार. मराठीत 'बेइमान' म्हटले की आधी डोळ्यांपुढे येतो तो धन्याला दगा देणारा. आणि तरीही विसरलेली पिशवी परत आणून देणारा रिक्षावाला मराठी वर्तमानपत्रात 'इमानदार'च ठरतो.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हा घोटाळा वर्गात नेहमी भेटतो. मुले मराठीच्या निबंधात 'वफादारी' लिहायचे तिथे 'इमानदारी' लिहितात, आणि ते चूक म्हणावे की बरोबर असा प्रश्न पडतो. शब्द एकच, पण त्यात दोन वेगळे गुण नांदत आहेत: निष्ठा आणि सचोटी. चांगल्या दिवसांत ते भावांसारखे राहतात. वाईट दिवस आला की एकाला घराबाहेर काढल्याशिवाय दुसऱ्याला राहता येत नाही. असा दिवस सर्वांत लवकर कोणाच्या वाट्याला येत असेल, तर पुढाऱ्याच्या पदरी असलेल्या तरुण सहायकाच्या. या लेखात आम्हांला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

हा मुलगा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वय चोवीस-पंचवीस. बी.ए. झालेला, कधी डी.एड. करूनही नोकरी न लागलेला. अक्षर चांगले, मराठीत अर्ज लिहिता येतो, उर्दूत जाहीरनामा. दोन मोबाइल. हुद्दा म्हणावा तर 'पी.ए.', पण नेमणुकीचा कागद नाही. 'भाईंचा माणूस' किंवा 'साहेबांचा मुलगा' एवढीच त्याची ओळख. साहेब घरात असताना 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य तो पहिल्या आठवड्यात शिकतो. त्याला खोटे म्हणावे की शिष्टाचार, याचा कीस आम्ही काढत नाही. पण शिकवणी तिथूनच सुरू होते, हे खरे.

या मुलाच्या डोक्यावर उपकार असतात, आणि ते खोटे नसतात. वडिलांना मोठ्या इस्पितळात खाट मिळाली ती साहेबांच्या फोनने. बहिणीचा प्रवेश झाला तो साहेबांच्या चिठ्ठीने. दंगलीनंतर मोहल्ल्यातली पोरे उचलली गेली, तेव्हा रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात जाऊन बसला तोही साहेबच. शहरातल्या मध्यमवर्गीय माणसाला 'तत्त्वासाठी राजीनामा दे' असे म्हणणे सोपे जाते, कारण त्याच्या आणि सरकारी कार्यालयाच्या मधे कोणी माणूस उभा नसतो. आमच्या वस्त्यांत असतो. शिधापत्रिका, दाखला, शिष्यवृत्ती ही सारी कायद्याने हक्काची, पण उंबरठ्यावर येईपर्यंत तिचा उपकार झालेला असतो. आपलेच आपल्याला मिळाले, आणि त्याबद्दल मिठाला जागायचे. कोणाच्या मिठाला? आमदाराला स्वीय सहायकासाठी जी रक्कम मिळते तीसुद्धा तिजोरीतूनच येते, आणि तिजोरीत रिक्षावाल्याचा, विणकराचा पैसा असतो. हा हिशेब मांडला तर मीठ साहेबांचे उरत नाही.

हा हिशेब आम्हांला पटतो. पण तो पूर्ण नाही. रात्री दोन वाजता ठाण्यात जाऊन बसण्याचे मोल कोणत्या तिजोरीतून आले? ते त्या माणसाने आपल्या पदरचे दिले. कृतज्ञता ही खरी देणेदारी आहे आणि ती नाकारणाऱ्याला आम्ही सचोटीचा माणूस मानणार नाही. म्हणून 'निष्ठा गुलामांसाठी, सचोटी स्वतंत्र माणसांसाठी' अशी जी टाळ्या घेणारी वाटणी व्यासपीठांवरून होते, ती आम्हांला मान्य नाही. मराठी भाषेलाही ती मान्य नसावी. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' असे ती लाचाराला हिणवून म्हणते, आणि त्याच दमात कृतघ्नाला 'खाल्ल्या घरचे वासे मोजणारा' म्हणून धिक्कारते. टाळीही वाजवायची नाही आणि वासेही मोजायचे नाहीत, मग त्या घरात बसलेल्या मुलाने करायचे काय?

असे प्रश्न निघाले की महाराष्ट्रात रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव निघते. 1773मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याचा ठपका शास्त्रीबुवांनी राघोबादादांवर ठेवला आणि पुणे सोडले. उदाहरण थोर आहे, पण आमच्या मुलाच्या उपयोगाचे नाही. रामशास्त्री न्यायाधीश होते. निर्भीडपणे बोलणे हेच त्यांचे पद होते, आणि त्यांच्या जाण्याने पुण्याला काहीतरी गमावल्यासारखे वाटले. चोवीस वर्षांचा पी.ए. गेला तर संध्याकाळपर्यंत दुसरा येतो. त्याच्या जागी बसून पाहायचे तर त्याच्या मापाचे उदाहरण हवे. असे एक आम्हांला फार दूर, अमेरिकेत सापडते.

ह्यू स्लोन. 1972 साली वय एकतीस. प्रिन्स्टनचा पदवीधर, सभ्य घरचा, अध्यक्ष निक्सन यांच्या व्हाइट हाउसमध्ये भेटीगाठींचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या विभागात काम केलेला. निक्सन यांच्या फेरनिवडणुकीसाठी निधी गोळा करणारी जी समिती होती तिचा तो खजिनदार झाला. त्याची पत्नीही पूर्वी व्हाइट हाउसमध्येच काम करीत असे, आणि त्या वर्षी ती गरोदर होती. या समितीत गॉर्डन लिडी नावाचा एक वकील होता. त्याला रोख पैसे द्यावेत असा निरोप स्लोनकडे येई. एकदा लिडीने एकदम 83 हजार डॉलर मागितले, तेव्हा स्लोनने आपले वरिष्ठ मॉरिस स्टान्स यांना विचारले. स्टान्स यांनी समितीचे प्रमुख जॉन मिचेल यांच्याकडे विचारणा केली आणि पैसे द्यायला सांगितले. पैसे कशासाठी, यावर स्टान्स यांचे उत्तर अशा अर्थाचे होते की ते मलाही जाणून घ्यायचे नाही आणि तुलाही जाणून घ्यायचे नाही. लिडीला गेलेली एकूण रक्कम सुमारे 1 लाख 99 हजार डॉलर होती.

17 जून 1972च्या पहाटे वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच माणसे पकडली गेली. त्यांच्याजवळ शंभर-शंभर डॉलरच्या नोटा होत्या. त्याच सकाळी लिडी घाईघाईने स्लोनला भेटला आणि आपली माणसे पकडली गेल्याचे बोलून गेला. पैसे कुठे गेले याचा अंदाज स्लोनला आता आला.

पुढचे महिनाभर जे घडले ते आमच्या दृष्टीने या प्रकरणाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. चोरीची, अध्यक्षांच्या राजीनाम्याची कथा जगाने वाचली. हा महिना फारसा कोणी वाचत नाही. समितीतला दुसरा अधिकारी जेब मॅग्रुडर याने स्लोनला सुचवले की लिडीला दिलेली रक्कम 75-80 हजार डॉलर होती असे सांग. स्लोन म्हणाला, शपथेवर खोटे बोलणार नाही. मॅग्रुडर म्हणाला, बोलावे लागेल कदाचित. स्लोन व्हाइट हाउसमधल्या आपल्या जुन्या सहकाऱ्याकडे, ड्वाइट चेपिनकडे गेला. त्याने सांगितले की तू थकला आहेस, सुट्टीवर जा, अध्यक्षांना जपणे महत्त्वाचे. तो आणखी वर, जॉन अर्लिकमन यांच्याकडे गेला. त्यांनी वकील शोधून देण्याची तयारी दाखवली, पण तपशील मला सांगू नकोस म्हणाले. मिचेल यांना मार्ग विचारला, तर त्यांनी कठीण प्रसंगी कणखर माणसेच कामाला लागतात अशा अर्थाचे एक घोषवाक्य ऐकवले.

वरच्यापैकी एकानेही त्याला उघड 'खोटे बोल' असा हुकूम दिला नाही. जो तो ऐकायचे नाकारत होता. सुट्टी, वकील, घोषवाक्य, सर्व काही मिळत होते, फक्त कान मिळत नव्हता. तरुण सहायकाला मोडतात ते असे. धमकी दिली तर त्याला आपण कुठे उभे आहोत ते निदान कळते. ऐकूनच घेतले नाही तर त्याला वाटू लागते की आपलेच काहीतरी चुकते आहे, आपण उगाच बाऊ करतो आहोत, मोठी माणसे शांत आहेत तर आपणच का अस्वस्थ? आमच्याकडे याला 'समंजसपणा' म्हणतात. 'पोरगा समंजस आहे' म्हणजे विचारत नाही.

14 जुलै 1972 रोजी स्लोनने राजीनामा दिला आणि नंतर सरकारी वकिलांना माहिती दिली, मॅग्रुडरची सूचनासुद्धा. त्याचा लगेच काय उपयोग झाला? फारसा नाही. सप्टेंबरमध्ये आरोपपत्र निघाले ते फक्त सात जणांवर: पकडलेले पाच, लिडी आणि हॉवर्ड हंट. नोव्हेंबरमध्ये निक्सन प्रचंड बहुमताने निवडून आले. स्लोन खरे बोलून घरी बसला होता आणि ज्यांनी त्याला खोटे सुचवले ते विजयोत्सवात होते. पुढचे जग पुढे उलटले. 1973च्या जूनमध्ये सिनेटच्या समितीपुढे त्याची जाहीर साक्ष झाली, 9 ऑगस्ट 1974ला निक्सन पायउतार झाले. मिचेल, अर्लिकमन, मॅग्रुडर, चेपिन तुरुंगात गेले. पण राजीनामा देताना स्लोनला यातले काहीच माहीत नव्हते, आणि म्हणूनच त्याचा राजीनामा आम्हांला मोलाचा वाटतो. शेवट माहीत असताना सचोटी दाखवणे म्हणजे घोडा जिंकल्यावर पैसे लावणे.

एक गोष्ट मात्र खटकते. ऑक्टोबर 1972मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापले की गुप्त निधीवर ताबा असलेल्यांत अध्यक्षांचे उजवे हात हाल्डेमन होते, असे स्लोनने ग्रँड ज्यूरीपुढे सांगितले. स्लोनच्या वकिलाने इन्कार केला आणि वृत्तपत्राची नाचक्की झाली. खरी गोष्ट अशी निघाली की स्लोनने तसे सांगितले नव्हते, कारण त्याला तसे विचारलेच नव्हते. विचारले असते तर सांगितले असते. येथे आमचे मन थोडे अडते. विचारल्यावर खरे बोलणे ही सचोटी झाली. न विचारता बोलणे हे काय? काही जण त्याला पुढची पायरी म्हणतील. आम्हांला वाटते, जुन्या घराच्या मिठाचा जो थोडा अंश उरतो तो इथे दिसतो. त्याने निक्सन यांच्याविरुद्ध प्रचार केला नाही, वासे मोजले नाहीत. त्याने फक्त आपल्या तोंडून खोटे जाऊ दिले नाही. तरुण माणसाकडून याहून जास्त मागण्याचा अधिकार, स्वतः काही पणाला न लावलेल्या आम्हांसारख्यांना आहे का, याची शंका आहे.

त्याच व्हाइट हाउसमधला दुसरा तरुण एगिल क्रोग. स्लोनपेक्षा एका वर्षाने मोठा. गुपिते फोडणाऱ्यांचा शोध घेणाऱ्या गुप्त पथकाचा तो एक प्रमुख होता. 1971च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या माणसांनी डॅनियल एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचे कार्यालय फोडले. 'राष्ट्रीय सुरक्षा' हा शब्द कानी पडला की आपली विचारशक्ती थांबत असे, असे तो पुढे सांगत राहिला. नोव्हेंबर 1973मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि राष्ट्रीय सुरक्षेचा बचाव स्वतःहून सोडून दिला. तुरुंगातून सुटल्यावर तो त्या डॉक्टरांकडे माफी मागायला गेला. 2007 साली त्याचे पुस्तक आले, त्याचे नावच 'इंटिग्रिटी', म्हणजे सचोटी. हा क्रोग वाईट माणूस नव्हता, लाच खाणारा नव्हता. तो निष्ठावंत होता. निवडणुकीच्या दिवसांत आमची वर्तमानपत्रे 'निष्ठावंतांना डावलले' असे मथळे देतात. निष्ठावंतांना न डावलता जवळ घेतले तर कधीकधी काय होते, त्याचे क्रोग हे उदाहरण.

आता घराजवळ येऊ. दरवर्षी मुहर्रममध्ये करबलाची कथा आमच्या वस्त्यांत सांगितली जाते. रडणारे रडतात, सरबत वाटणारे वाटतात. यजीद आणि शिम्र यांना शिव्या घालणे सोपे असते, कारण आपल्यापैकी कोणी यजीद होणार नाही. पण त्या कथेत उमर बिन साद नावाचा एक माणूस आहे, ज्याच्यावर प्रवचनांत जेमतेम दोन वाक्ये खर्च होतात. आम्हांला वाटते, आजच्या सहायकाने त्याच्यासाठी एक पूर्ण रात्र जागावी. तो हजरत साद बिन अबी वक्कास यांचा मुलगा, कादिसियाच्या विजेत्याचा मुलगा. इराणातल्या रै प्रांताची सनद त्याच्या हातात पडली होती. तो निघण्याच्या तयारीत असताना कूफ्याचा सुभेदार उबैदुल्लाह बिन जियाद याने सांगितले, आधी हुसैन यांच्यावर चालून जा. उमरने 'मला यातून सोडा' अशी विनंती केली. उत्तर आले, सोडतो, रैची सनद परत कर. तेव्हा त्याने विचार करायला अवधी मागितला. ज्यांना विचारले त्यांनी 'जाऊ नकोस' म्हटले. भाच्याने तर कळवळून सांगितले की सगळी दुनिया हातची गेली तरी हे पाप घेऊ नकोस. उमर 'बरे' म्हणाला, आणि मग गेला. 10 मुहर्रम हिजरी 61, म्हणजे ऑक्टोबर 680मध्ये काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

तबरीने नोंदवलेला त्यानंतरचा एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. करबलानंतर इब्ने जियादने उमरकडे एक कागद परत मागितला: हुसैन यांच्याशी लढण्याचा जो लेखी हुकूम दिला होता तो. उमर म्हणाला, हरवला. इब्ने जियादने पुन्हा पुन्हा मागितला. शेवटी उमरने सांगितले की तो मदीनेत राहू दिला आहे, कुरैशच्या वृद्ध स्त्रियांना वाचून दाखवण्यासाठी, म्हणजे आपली बाजू त्यांना कळेल. हे वाचल्यापासून आम्हांला तो कागद विसरता येत नाही. हुकूम देणाऱ्याला पुरावा नको आहे, हुकूम पाळणाऱ्याला तोच पुरावा हवा आहे. दोघांत निष्ठा आता कुठे उरली? कार्यालयात बसलेला प्रत्येक सहायक कधी ना कधी असा एखादा कागद, आज असेल तर फोनवरचा एखादा संदेश, जपून ठेवतो. जपून ठेवण्याची गरज वाटली त्या क्षणी त्याला सगळे कळलेले असते. बाकी, रैचा सुभा उमरला मिळाला नाही तो नाहीच, आणि काही वर्षांत मुख्तारच्या माणसांनी त्याला ठार केले.

त्याच सैन्यात हुर्र होता. त्याचा पक्षबदल सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या आधीची त्याची घालमेल अधिक ओळखीची वाटते. हजार स्वार घेऊन तो हुसैन यांची वाट अडवायला आला, तेव्हा त्यांनी त्याच्या तहानलेल्या माणसांना आणि घोड्यांना पाणी पाजले. त्याने त्यांच्या मागे नमाज पढली. तरीही हुकूम म्हणून त्यांना परत जाऊ दिले नाही. मग मधला मार्ग काढला: कूफ्यालाही नको, मदीनेलाही नको, तिसऱ्याच दिशेने चला, तोवर मी वर लिहून कळवतो. कोणत्याही कार्यालयातला सज्जन सहायक हेच करतो. फाइल दाबत नाही, पुढेही ढकलत नाही, 'वर कळवले आहे' म्हणतो. उत्तर आले ते असे की त्यांना उघड्या, पाणी नसलेल्या जागी थांबव. आणि उत्तर आणणारा दूत हुकूम पाळला जातो का हे पाहायला तिथेच राहिला. मधला मार्ग तिथे संपला. लढाईच्या सकाळी त्याने उमरला विचारले की या माणसाशी खरेच लढणार का? 'हो' असे उत्तर आल्यावर तो थरथर कापू लागला. सोबत्याला आश्चर्य वाटले, कारण कूफ्यात शूर कोण म्हटले तर हुर्रचेच नाव निघत असे. तो घोडा पुढे काढून पलीकडे गेला आणि त्याच दिवशी मेला. कापणे आणि निर्णय घेणे एकाच माणसाला एकाच वेळी जमते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून मुलांना कोणी सांगत नाही.

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून असे वाटेल की सत्तेच्या जवळ जाऊच नये. आमच्या परंपरेत हे मत प्रबळ आहे. इमाम अबू हनीफांनी खलीफा मन्सूरने देऊ केलेले काजीपद नाकारले, तुरुंग पत्करला, आणि 767मध्ये ते बगदादला वारले. पण त्यांचेच लाडके शिष्य अबू यूसुफ पुढे हारून रशीदचे मुख्य काजी झाले. गुरूने दार लावून घेतले, शिष्य त्याच दारातून आत गेला, आणि हनफी म्हणवणारे आम्ही दोघांनाही मानतो. अबू यूसुफ गरीब घरचे होते. शिकत असताना त्यांचा खर्च गुरूंनी केला होता. आत जाऊन त्यांनी खलीफासाठी महसुलावर 'किताबुल खराज' लिहिले, आणि त्यात सुरुवातीलाच खलीफाला रयतेविषयीच्या जबाबदारीची कडक आठवण दिली. त्यांचा एक किस्सा सांगितला जातो. त्यांनी एका वजीराची साक्ष नाकारली. खलीफाने कारण विचारले. काजी म्हणाले, हा तुम्हांला 'मी आपला गुलाम' म्हणताना मी ऐकले आहे. खरे असेल तर गुलामाची साक्ष मी घेत नाही, खोटे असेल तर खोटारड्याची घेत नाही.

किस्सा चतुर आहे, हसून सोडून देण्यासारखाही आहे. पण त्यात आमच्या प्रश्नाची एक बाजू पक्की पकडली आहे. पुढाऱ्याला संकटात जर कोणाची साक्ष उपयोगी पडायची असेल, तर ती अशा माणसाची, जो त्याच्यासाठी खोटे बोलणार नाही असे जगाला ठाऊक आहे. म्हणजे सचोटी हरवलेला सहायक धन्याच्याही कामाचा उरत नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीतही हे आहे: भाऊ जुलूम करणारा असला तरी त्याला मदत करावी, आणि ती मदत म्हणजे त्याचा हात धरणे. निष्ठेचा याहून उंच अर्थ आम्हांला माहीत नाही. अडचण एवढीच की चोवीस वर्षांच्या मुलाचा हात साहेबांच्या हातापर्यंत पोचत नाही.

आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा अशाच एका कार्यालयात होता. नदीला पूर आला, खालच्या वस्तीत पाणी शिरले, नुकसानभरपाईच्या याद्या होऊ लागल्या. याद्या करणे तलाठ्याचे काम, पण लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातूनही नावे जातात आणि त्यांना वजन असते. ज्यांच्या उंबरठ्याला पाणी लागलेही नव्हते अशी काही नावे या मुलाला आपल्या हाताने लिहायला सांगितली गेली. कार्यकर्त्यांची नावे होती. वर हेही सांगितले गेले की निवडणुकीत राबणारी हीच माणसे आहेत, त्यांना कधी काय मिळते? यातही तथ्य होते. मुलाच्या आईचे ऑपरेशन त्याच माणसाच्या खटपटीने झाले होते. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, ना बोलूं तो नमकहराम, लिखूं तो बेईमान. अब कौनसा हराम खाऊं?"

नोकरी सोड असे आम्ही त्याला म्हणालो नाही. घरी पगार आम्ही देणार नव्हतो. आम्ही एवढेच विचारले की साहेबांनी तुझ्या आईसाठी जे केले त्याची किंमत त्यांनी स्वतः कधी मागितली का? तो म्हणाला, नाही. मग ही यादी म्हणजे त्या उपकाराची किंमत आहे, असे तूच ठरवतो आहेस. त्या उपकाराचे इतके वाईट मोल करू नकोस. साहेबांचा हात तुला धरता येणार नाही, पण स्वतःचा हात आखडता घेता येईल. कोणाकडे तक्रार कर असेही आम्ही म्हणालो नाही. ते धाडस त्याने करायचे की नाही हे त्याचे त्याने ठरवायचे होते.

त्याने घरोघर फिरून पाणी शिरलेल्या घरांची यादी केली आणि तीच टेबलावर ठेवली. साहेब काही बोलले नाहीत. स्लोनच्या वरिष्ठांसारखेच, ऐकायचे नाकारले म्हणा. काही दिवसांनी फोन दुसरा मुलगा घेऊ लागला. तलाठ्याकडे जी यादी गेली ती त्या नव्या मुलाच्या अक्षरात होती, आणि त्यात ती नावे होती. म्हणजे नकाराने काय साधले, असे कोणी विचारील. पहिल्या यादीतली जी खरी पण विसरलेली नावे होती, त्यांपैकी काही नव्या यादीतही उतरली, कारण नव्या मुलाला घरे हिंडायची नव्हती आणि टेबलावरचा कागद आयता होता.

तो मुलगा आता झेरॉक्सच्या दुकानात बसतो. साहेबांची गाडी दुकानापुढून जाते तेव्हा तो उठून सलाम करतो. मित्र त्याला चिडवतात, लाचार म्हणतात. तो म्हणतो, आईच्या ऑपरेशनचा सलाम आहे. गाडीची काच कधी खाली होते, कधी होत नाही.